राव मास्तरांचा कोट

मोहगाव रोडला जायचं की नाही हे ठरवायला मला सव्वा महिना लागला. एरवी मी अशी नाही. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून पिशवी भरायला मला अर्धा तास पुरतो. होट्टलची देवळं, कंधारचा किल्ला, जिथे मनात आलं तिथे मी निघाले आणि परत येऊन तुम्हाला इथे ब्लॉगवर सांगितलं. या वेळी आमंत्रण हातात असून पाय निघेना.

आमंत्रण सोमवंशी सरांचं होतं. सर म्हणजे मोहगावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. लातूर जिल्ह्यातलं हे गाव लहान, पण त्याच्या वाट्याला निजामाच्या काळातलं काळ्या दगडाचं एक देखणं स्टेशन आलं. शेजारी नवी इमारत झाली तसं जुनं ओस पडलं. मग त्यात खताची पोती आणि वटवाघळं राहिली. सरांनी आणि गावातल्या दहा-बारा जणांनी रेल्वेच्या मागे लागून, घरोघर वर्गणी काढून ते पुन्हा उभं केलं. आत एक छोटं संग्रहालय मांडलं. फोनवर सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या लेखामुळं आमची एक मोठी अडचण सुटली. तुमच्या वडिलांचा फोटो लावलाय. तुम्ही आल्याशिवाय आमचं काम पूर्ण झालं असं वाटायचं नाही."

तो लेख तुमच्यापैकी अनेकांनी वाचला आहे. तीन वर्षांपूर्वी मी तो इथेच टाकला होता. माझे बाबा, किसन वाघमारे, मोहगाव रोडला स्टेशन मास्तर होते असं त्यात लिहिलं होतं. सोबत फोटो होता. पांढरा कोट, पितळी गुंड्या, डोक्यावर टोपी. वाचून डोळ्यांत पाणी आलं असं काही जणींनी कळवलं होतं.

बाबा स्टेशन मास्तर नव्हते. बाबा सांधेवाले होते.

गाडी कुठल्या रुळावर जाणार ते लिव्हर ओढून ठरवायचं, सिग्नलचे दिवे भरायचे, न थांबणाऱ्या गाडीला पुढची वाट मोकळी असल्याची खूण हात उंचावून द्यायची, हे त्यांचं काम. त्या लेखात मी लिहून गेले होते की बाबांच्या हाताला घासलेटचा वास यायचा. एका वाचकाने खाली विचारलं होतं, मास्तरांच्या हाताला घासलेट कसं? मी उत्तर दिलं, लहान स्टेशन होतं, सगळी कामं करावी लागत. ते उत्तर अजून तिथे आहे. पुसलेलं नाही. तुम्ही बघू शकता.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी शेवटी निघाले. सरांना एकटीने भेटायचं, खरं काय ते सांगायचं आणि फोटो उतरवून घ्यायला लावायचा, असं ठरवलं होतं.

नांदेडच्या बसस्थानकातून अहमदपूरची एसटी सकाळी वेळेवर सुटली. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे बसमध्ये बायकाच जास्त. लोह्यापर्यंत रस्ता छान झाला आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी काढायला आलेली, मध्येच करडईचे पिवळे पट्टे. माझ्यामागे दोघी जणी बसल्या होत्या. एक सांगत होती, "माझ्या सुनंनं मोबाइलवर माझा फोटो टाकला. खाली लिवलं, माझी लाडकी सासू. अन् घरात आठ दिस झाले बोलून न्हाई राहिली."

दुसरी म्हणाली, "मग तू मोबाइल बघूनच खुश राह्य."

बसमधल्या चार-पाच जणी हसल्या. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

लोह्याला बस दहा मिनिटं थांबते, तिथला चहा गोड असतो, आधीच 'साखर कमी' म्हणून सांगा. अहमदपूरला उतरून स्थानकासमोर खिचडी-भजी खाल्ली. तिथून मोहगावला काळी-पिवळी जीप मिळते. भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा हाताशी तासभर ठेवा. मोहगावपासून स्टेशन आणखी अडीच किलोमीटर आहे, ते अंतर रिक्षाने. गावाच्या नावापुढचं 'रोड' म्हणजे हेच अंतर. लहानपणी मी ते पायी चालले आहे, आईबरोबर, बाजाराच्या दिवशी.

रिक्षा वळली आणि स्टेशन दिसलं. काळा दगड धुऊन घासून लख्ख केलेला. मंगलोरी कौलं नवी, पण खालचे सागवानी वासे जुनेच. फलाटावरच्या पाटीवर मराठी, इंग्रजी आणि उर्दू, तिन्ही अक्षरं पूर्वीच्याच जागी. रुळाच्या तुकड्याची घंटा टांगलेली आहे, मुलांना वाजवू देतात. प्रवेश मोफत, दुपारी एक ते तीन बंद. फलाटाच्या टोकाला आमचं क्वार्टर होतं, एक खोली आणि पडवी. तिथे आता फक्त जोतं उरलंय.

एकटीने बोलण्याचा माझा बेत दारातच मोडला. आत पंचवीस-तीस माणसं बसलेली, समोर टेबल, टेबलावर शाल आणि नारळ. सर पुढे आले, उंच, किरकोळ, खिशाला दोन पेनं. "या मॅडम. पहिलं फोटो बघा, मग कार्यक्रम."

मास्तरांच्या खोलीत भिंतभर लाकडी फळा होता. त्यावर आजवरच्या स्टेशन मास्तरांची नावं पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरात. मधल्या आठ वर्षांसमोर बाबांचं नाव होतं. "ह्या वर्षांचं कागदपत्र कुठं मिळंना," सर म्हणाले. "तुमचा लेख वाचला आणि जागा भरली." बाजूला बाबांचा फोटो, चौकटीत, हार घातलेला.

मी राव मास्तरांचं नाव शोधलं. ती आठ वर्षं राव मास्तरांची होती. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

त्या फोटोची गोष्ट आता सांगायलाच हवी. राव मास्तर मूळचे तेलंगणाकडचे, एकटे राहायचे. त्यांनीच पत्र लिहून मला सिकंदराबादच्या एका कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. मी आठ वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात सिस्टरने प्रत्येकीला उभं करून वडील काय करतात ते विचारलं. कुणाचे डॉक्टर, कुणाचे वकील. मी म्हणाले, स्टेशन मास्तर. सांधेवाल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावलं. माहीत होतं. ड्यूटीच्या तक्त्यावर 'पॉइंट्समन' लिहिलेलं मी रोज वाचायची.

तीन महिन्यांनी बाबा भेटायला आले, खाकी कपड्यांत, हातात शेंगांच्या लाडवांचा डबा. माझ्या सोबतच्या मुलीने विचारलं, हे कोण? मी हिंदीत सांगितलं, आमच्या स्टेशनवरचा माणूस आहे, पप्पांनी पाठवलाय. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना हिंदी चांगलं कळायचं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साहेबांनी खुशाली विचारलीय."

पुढच्या खेपेला ते राव मास्तरांचा कोट घालून आले. त्यानंतर दर खेपेला तो कोट. शाळेच्या वार्षिक दिवशी फाटकापाशी फोटोवाला आला होता, तेव्हाचा हा फोटो. तो आधी माझ्या लग्नात मिरवला, मग माझ्या दिवाणखान्यात लागला. सासरची मंडळी बाबांना 'मास्तर' म्हणायची आणि बाबा त्या हाकेला ओ द्यायचे. त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली.

सरांनी मग दुसरी खोली दाखवली. तिथे सिग्नलचे कंदील, लिव्हर, आणि भिंतीवर टांगलेलं वेताचं मोठं कडं. कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. एकेरी मार्गावर हा गोळा ड्रायव्हरच्या हाती पडला तरच गाडी पुढे जाऊ शकायची. बाबा फलाटाच्या कडेला हे कडं उंच धरून उभे राहायचे आणि धडधडत जाणाऱ्या इंजिनातून एक हात बाहेर येऊन ते उचलून न्यायचा. एवढ्या वर्षांत एकदाही चुकामूक झाली नाही. कड्याखाली छापील चिठ्ठी होती: वापरणारा, सांधेवाला. नाव उपलब्ध नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी सरांना म्हणाले, छान जपलंय हो.

कार्यक्रम सुरू झाला. मास्तरांची कन्या, इंग्रजीच्या प्राध्यापिका, असं बरंच काही. शाल माझ्या खांद्यावर आली आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "ह्या किसनला मास्तर कुनी केलं रे?"

ऐंशीच्या पुढची एक म्हातारी काठी टेकून उभी होती. कपाळावरचं गोंदण पाहून मी लगेच ओळखलं. शेवंताकाकू. त्या काळी फलाटावर पाण्याचे माठ भरणं हे त्यांचं काम, आणि आई मजुरीला गेली की माझ्या वेण्या घालणं हेही त्यांचंच.

"आजी, हे वाघमारे मास्तर," सर समजावत म्हणाले. "त्यांच्या लेकीचा सत्कार चाललाय."

"वाघमारेच म्हनते की मी. किसन वाघमारे. सांधे ओढायचा. मास्तर रावसाब व्हते, तेलगू. माझ्या हातचं पानी पिल्याबिगर गाडी सोडत नव्हते."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, तूच मास्तरीण व्हतीस का बघ की आठवून." सगळे हसले. सर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका मॅडम. वय झालंय. नावांची सरमिसळ होते त्यांची. परवा मला माझ्या आजोबांच्या नावानं हाक मारली."

शेवंताकाकू हसणाऱ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "तुमी सांगा की बाई. तुमचा बाप हाय न्हवं त्यो?"

मी म्हणाले, "खूप जुनी गोष्ट आहे, आजी."

"जुनी हाय म्हनून तर मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. कुणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. टाळ्या वाजल्या. मी दोन शब्द बोलले, बाबांच्या शिस्तीबद्दल.

मुक्कामाला लातूर गाठलं. मोहगावहून जीपने तास-सव्वा तास लागतो. गंजगोलाईच्या आसपास साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. संध्याकाळी एका खानावळीत भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी पुढ्यात आली. चटणी फार चांगली होती असं नंतर वहीत लिहिलेलं दिसतं. मला चव आठवत नाही. आठ वर्षांच्या मुलीला माणसं माफ करतील. पण आज दुपारी खरं दडवलं ते चौसष्ट वर्षांच्या बाईने, आणि तिच्यापायी खरं बोलणारी एक म्हातारी वेडी ठरली. खानावळीतून निघतानाच दुसऱ्या दिवशीचं नांदेडचं परतणं मी पुढे ढकललं.

सकाळच्या पॅसेंजरने परत मोहगाव रोडला गेले. वेळापत्रक बदलत असतं, आदल्या दिवशी चौकशी करा. गाडी फलाटाला लागताना दारात उभी राहिले. लिंबाखालच्या दगडी बाकावर शेवंताकाकू बसल्या होत्या. बाजूला त्यांच्या नातसुनेचं चहाचं दुकान.

मी शेजारी बसले. "काकू, मी सुमी."

"काल दारातूनच वळखलं," त्या म्हणाल्या. "तोंडावरून न्हाई. गप बसन्यावरून. चोरून चिचा खाल्ल्या की अशीच गप बसायचीस."

"मग काल तसं म्हणाला का नाहीत?"

"शाल पांघरलेल्या बाईला चार मानसांत सुमे म्हनू व्हय?"

नातसुनेने चहा दिला. मी म्हटलं, बाबांनी मला कोटाबद्दल कधीच काही विचारलं नाही. कधी रागावले नाहीत.

"तुला कशाला इचारंल? कोट मागाया आला तवा मी हितंच माठ धुऊन राहिले व्हते. रावसाब म्हनले, कशाला रे किसन? किसन म्हनला, पोरीनं शाळंत सांगून ठिवलंय, ती खोटी पडू नये. रावसाबांनी आत जाऊन कोट आनला. म्हनले, टोपी पन ने. निस्त्या कोटानं मास्तर दिसत न्हाई."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"आगं, कोटाच्या इस्त्रीचा कोळसा माझ्या चुलीतला जायचा. तुझ्या सुट्टीत समद्यांनी ठरवून किसनला तुझ्यासमूर काम सांगायचं सोडलं व्हतं."

मला त्या सुट्ट्या आठवल्या. बाबांना आता कुणी हाका मारून पळवत नाही याचं मला फार बरं वाटायचं. मला वाटायचं, त्यांना बढती मिळाली असेल. म्हणजे मी एकटी खोटं बोलत होते आणि सगळं स्टेशन ते उचलून धरत होतं.

सर आत पितळी कंदील पुसत होते. मी जाऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एका दमात, शाळेतल्या मुलीसारखं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिल्यांदा म्हणाले ते हे, "मॅडम, फळा रंगवून घेतलाय हो. लातूरचा पेंटर बोलावला होता." मग जरा वेळाने, "आणि मी आजींना सगळ्यांदेखत..." तसेच उठून बाहेर बाकापाशी गेले. "आजी, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं?" काकू म्हणाल्या. "तू वाचलंस ते लिवलंस." आणि त्यांनी माझ्याकडे न बघता चहाचा कप खाली ठेवला.

मी पिशवीतून शाल काढून त्यांच्या खांद्यावर घालायला गेले. त्यांनी हात आडवा धरला. "ह्या उनात शाल पांघरून मरू काय? तुझी तुज्यापाशी ठिव." ती शाल मी परत आणली. कपाटात आहे.

सर वाईट माणूस नाहीत. पाच मिनिटांत कामाला लागले. फळ्यावर राव मास्तरांचं नाव येईल. दुसऱ्या खोलीतली ती चिठ्ठी बदलेल. मग म्हणाले, "मॅडम, सांधेवाले म्हणून लावायचं तर मास्तरांच्या कोटातला फोटो कसा लावणार? त्यांचा खाकीतला एखादा फोटो पाठवा."

मी आठवून पाहिलं. मग सांगितलं, नाही. एकही नाही. ज्या ज्या वेळी फोटोवाला होता, त्या त्या वेळी मी तिथे होते. आणि मी असताना बाबा खाकी घालत नसत.

सरांनी ते कडं खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं. वाटलं होतं त्याहून जड निघालं. एका हाताने डोक्यावर धरून पाहिलं. मोजून पन्नासपर्यंत जमलं, मग हात खाली घ्यावा लागला.

परतीच्या बसमध्ये काही टिपून घेतलं नाही, त्यामुळे तुमच्या उपयोगाचं काही सांगता येत नाही. घरी आल्यावर मुलीला, मीराला, पुण्याला फोन केला. तिच्या मुलाने शाळेत पणजोबांवर निबंध लिहिलाय, मास्तरांच्या कोटासकट. मला वाटलं होतं, सगळं ऐकून ती रागावेल. तिने विचारलं, "आई, मग तो कोट राव मास्तरांनी परत नेला का गं?"

मला माहीत नव्हतं. राव मास्तर कुठे बदलून गेले, त्यांचं पुढे काय झालं, हेही माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात मोहगाव रोडला मास्तर असलेले, एकटे राहणारे राव कुणाला आठवत असतील तर कळवा.

जुना लेख मी काढून टाकलेला नाही. त्याच्या वर आता या लेखाचा दुवा दिला आहे.

काल सरांनी मोबाइलवर दोन फोटो पाठवले. पहिल्या खोलीतल्या फळ्यावर राव मास्तरांचं नाव आलंय. रंग अजून ओला दिसतो. दुसऱ्या खोलीत कड्याच्या बाजूला बाबांचा तोच फोटो, हार न घालता. दुसरा नाहीच, म्हणून तोच. खालची चिठ्ठी मी लिहून पाठवली होती, सरांनी तशीच्या तशी लावली: किसन वाघमारे, सांधेवाले. अंगातला कोट राव मास्तरांचा.

मोहगाव रोडला जाल तर हा फोटो जवळून बघा. राव मास्तर उंच होते. बाबांना कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या, म्हणून त्या आतून दुमडलेल्या आहेत, उजवी जरा वाकडी. फोटोवाला तयार होईपर्यंत त्या मी दुमडल्या होत्या.